पायाखालची माणसं

गॉडझिला या जपानी सिनेराक्षसाच्या कुठल्याही सिनेमाचं पोस्टर घ्या. वर तो, त्याचे दात, मागे पेटलेलं शहर आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत नटांची नावं. माझी नजर आधी त्या तळाकडे जाते. भाच्याला हे मुळीच पटत नाही. त्याच्या मते मी लग्नाला जाऊन नवरानवरी सोडून मांडव घालणाऱ्याशी गप्पा मारत बसणाऱ्यांपैकी आहे. आरोप खोटा नाही.

सध्या आमच्याकडे या विषयावर रोज जेवताना खडाजंगी होते, कारण दोन सिक्वेल पाठोपाठ येऊ घातलेत. ताकाशी यामाझाकी यांचा 'गॉडझिला मायनस झिरो' जपानमध्ये ३ नोव्हेंबर २०२६ला आणि उत्तर अमेरिकेत ६ नोव्हेंबरला. त्यानंतर २६ मार्च २०२७ला हॉलिवूडचा 'गॉडझिला एक्स काँग : सुपरनोवा'. भाचा काँग या अवाढव्य वानराच्या पक्षाचा. कोण कोणाला लोळवणार याचा हिशोब त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मांडलेला आहे, उंची-वजनासकट. मी म्हणतो, त्या दोघांची काळजी आपण कशाला करायची? त्यांची हमी स्टुडिओने घेतलेली असते. खाली उभ्या असलेल्या माणसांची हमी कोणी घेत नाही, आणि असले सिनेमे बुडतात ते बहुतेक तिथेच.

'मायनस झिरो'च्या आधीचा यामाझाकींचा 'गॉडझिला मायनस वन' मी मामांबरोबर पाहिला, घरच्या टीव्हीवर. (ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी पुढचे काही परिच्छेद गाळावेत. मी सगळं सांगून टाकणार आहे.) मामांचं अर्धं आयुष्य बार्ज म्हणजे मालवाहू बोटीवर गेलं, गोव्यात मांडवीतून खनिजाचा माल मुरगाव बंदरापर्यंत पोचवण्यात. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ते घरी बसले. राक्षसांच्या सिनेमांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. जपानी कळत नाही, आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचायला लागणारा चष्मा शोधायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. तरी माणूस शेवटपर्यंत उठला नाही. का उठला नाही, ते मला नंतर हळूहळू उमगत गेलं.

गोष्ट १९४५च्या ओडो बेटावर सुरू होते. कोइची शिकिशिमा हा आत्मघातकी पथकातला वैमानिक विमानात बिघाड झाल्याची थाप मारून तिथे उतरतो. ताचिबाना हा तिथला मेकॅनिकांचा प्रमुख विमान उघडून बघतो. बिघाड कुठेच नाही. तो फार बोलत नाही, पण त्याला कळलंय हे शिकिशिमाला कळतं. त्याच रात्री समुद्रातून ते जनावर येतं. विमानाची तोफ चालवायला शिकिशिमा कॉकपिटमध्ये चढतो आणि त्याचं बोट ट्रिगरवर गोठतं. सकाळी मेकॅनिकांची प्रेतं रांगेत मांडलेली. ताचिबाना तेवढा वाचलेला.

युद्ध संपल्यावर शिकिशिमा तोक्योला परततो तर आईवडील बॉम्बहल्ल्यात गेलेले. शेजारची सुमिको, जिची मुलंही गेलीत, त्याला तोंडावर शिव्या घालते की तू जिवंत परत आलासच कशाला. नोरिको नावाची एक मुलगी दुसऱ्या कुणाचं तरी तान्हं मूल घेऊन त्याच्या घरात घुसते आणि राहते. पोट भरायला तो नोकरी धरतो ती समुद्रातले सुरुंग काढण्याची. सुरुंग चुंबकीय, म्हणून होडी लाकडाची. त्या होडीवर एक तापट कॅप्टन आहे आकित्सु, विखुरलेल्या केसांचा शास्त्रज्ञ आहे नोडा, आणि मिझुशिमा नावाचं एक पोर आहे, ज्याला वयामुळे युद्धावर जाता आलं नाही आणि त्याचीच त्याला हळहळ आहे.

मामा सावरून बसले ते या होडीपाशी. दोन होड्यांच्या मध्ये दोर टाकून सुरुंगाची साखळी कापायची, तो वर तरंगला की बंदुकीने फोडायचा. हे काम यामाझाकी निवांत दाखवतात. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कशावर नजर ठेवायची. त्यामुळे पुढे गॉडझिला त्याच लाकडी होडीच्या मागे लागतो तेव्हा आपल्याला होडीचा कोपरा न् कोपरा माहीत असतो. त्याच्या तोंडात सुरुंग ढकलायचा तर तो कुणी, कुठून, हे सांगावं लागत नाही.

आणि मग शेवटचा भाग. नोडाच्या योजनेप्रमाणे फ्रेऑन वायूचे बुडबुडे सोडून जनावराला सागामीच्या आखातात खोल बुडवायचं, तिथून फुगे लावून झटक्यात वर खेचायचं. दाबातल्या फरकाने ते मरेल अशी आशा. यूकिकाझेसारख्या विनाशिका त्याला दोराने वेढतात, पण ते अर्ध्यातच अडकतं, ताकद कमी पडते. तेवढ्यात क्षितिजावर टगबोटी, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटी, दिसतात. एक नाही, ताफाच्या ताफा. त्यांना घेऊन येतो तो मिझुशिमा, ज्याला मोहिमेवरून मागे ठेवलेलं असतं. टग पुढे येतात, दोर बांधले जातात, ओढायला सुरुवात होते. मामा तेव्हा पहिल्यांदा बोलले.

"आता जमेल. टगवाले आले मरे."

नंतर मला पुढे बघू न देता टग कसा ओढतो ते समजावत बसले. दोर एकदम ताणायचा नाही, आधी ढील काढून घ्यायची, मग हळूहळू जोर. सिनेमातल्यांनी हे बरोबर केलं की नाही यावर त्यांचं आमच्या वाड्यावर अजून एका निवृत्त बार्जवाल्याशी भांडण चालू आहे.

'मायनस वन'मध्ये सहाशे दहा व्हीएफएक्स शॉट्स (संगणकावर रचलेली दृश्यं), ते करणारी पस्तीस माणसं, खर्च दीड कोटी डॉलर्सहून कमी, आणि मार्च २०२४मध्ये ऑस्कर. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम चहापाण्याची. कौतुक सगळ्यांनी या आकड्यांचं केलं, आणि करण्यासारखं ते आहेच. पण टगबोट आल्यावर मामा ताठ बसतात ते स्वस्तातल्या व्हीएफएक्समुळे नव्हे. त्या माणसांच्या हाताला काम आहे म्हणून. मेकॅनिक, सुरुंग काढणारे, दोर बांधणारे, मूल सांभाळणारी. राक्षस आला तेव्हा त्यांनी आपापलं काम आणलं.

१९५४च्या पहिल्या सिनेमातही हेच होतं, थोडं उलट्या बाजूने. त्या वर्षीच्या १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि तिची राख मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली. तेवीस खलाशी. त्यांच्यातला वायरलेस ऑपरेटर सप्टेंबरात वारला. नोव्हेंबरच्या ३ तारखेला इशिरो होंडा यांचा सिनेमा लागला. त्याची सुरुवातच समुद्रात बुडणाऱ्या बोटीने होते. थिएटरात बसलेल्यांना ते काय आहे हे सांगायची गरज नव्हती. त्यात एक डॉ. सेरिझावा आहेत, डोळ्यावर पट्टी बांधलेले. त्यांच्याकडे राक्षसाला मारणारं अस्त्र आहे, पण ते सरकारांच्या हाती लागलं तर काय होईल याची त्यांना धास्ती. शेवटी ते स्वतः पाण्यात उतरतात, अस्त्र वापरतात आणि आपली हवेची नळी कापतात. ज्ञान आपल्याबरोबर तळाला नेतात.

यामाझाकींनी हा शेवट उलटा केला. ताचिबाना शिकिशिमासाठी विमान तयार करतो, त्यात बॉम्ब भरतो आणि वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्चीही बसवून देतो. ज्याची माणसं या वैमानिकाच्या भित्रेपणामुळे मेली, तोच त्याला जगायचं साधन देतो. तेही एका मेकॅनिकच्या भाषेत, म्हणजे नटबोल्टांत. नोडा आदल्या रात्री म्हणतोच की या देशाने माणसांचे जीव फार स्वस्त केले. सगळे वाचतात. नोरिकोसुद्धा, जिला तोक्योच्या गिन्झा भागातल्या स्फोटात उडून जाताना आपण पाहिलेलं असतं. फक्त इस्पितळात तिच्या मानेवर एक काळा डाग सरकताना दिसतो, आणि समुद्राच्या तळाशी मांसाचा एक गोळा पुन्हा फुगायला लागतो.

इथेच सिक्वेलची खरी अडचण आहे. शिकिशिमाचं कर्ज फिटलं. ताचिबानाने त्याला माफ केलं, सुमिको नोरिकोने आणलेल्या त्या तान्ह्या मुलीची आजी झाली, मिझुशिमाला पाहिजे होती ती लढाई मिळाली. हिशोब चुकते झालेल्या माणसांना घेऊन पुढची गोष्ट कशी सांगायची? सोपा मार्ग म्हणजे राक्षस मोठा करायचा. हॉलिवूडने तोच केला. 'मायनस वन'मधला पन्नास मीटरचा, त्यांचा त्याच्या दुपटीहून उंच. यामाझाकी त्या वाटेने जाणार नाहीत असं मला वाटतं, कारण तो डाग त्यांनी राक्षसाच्या नव्हे, नोरिकोच्या अंगावर ठेवलाय.

यंदा नरकचतुर्दशीची पहाट ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे 'मायनस झिरो' जपानमध्ये लागेल त्याच आठवड्यात गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर आमचे राक्षस उभे राहतील. गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं : आमच्याकडे दिवाळी आकाशकंदिलाआधी नरकासुराने सुरू होते. दसरा झाला की पोरं पावतीपुस्तक घेऊन फिरतात. लोखंडी कांबींचा सांगाडा, त्यावर गवत, रद्दी, खळ, रंग. मुखवटा काही जण बाजारातून आणतात, काही घरीच करतात. फोंडा, पणजी, मडगाव, म्हापसा, कुठेही जा, रात्रभर स्पर्धा आणि डीजे. डीजेबद्दल मी काही लिहीत नाही, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे.

पण सांगाडा चढत असताना एखाद्या मांडवात जाऊन बसाच. गेल्या वर्षी आमच्याकडे एका हाताची बोटं तयार होताना पाहिली. तारेभोवती वर्तमानपत्र गुंडाळायचं, खळ लावायची, वाळू द्यायची, पुन्हा गुंडाळायचं. पेरं वेगळी दिसावीत म्हणून मध्ये सुतळीचा आवळा. नखं थंड पेयाच्या बाटल्या उभ्या कापून केलेली, आतून लाल रंग. मनगट हलतं ते एका जुन्या गाडीच्या वायपरच्या मोटरवर, आणि ती मोटर कुठल्या गाडीची यावर दोन गॅरेजवाल्यांची पैज. मिरवणूक निघते तेव्हा पुढे चार पोरं लांब बांबू घेऊन चालतात. बांबूच्या टोकाला आडवी पट्टी. विजेच्या तारा आणि केबलं त्या पट्टीवर उचलून धरायच्या, राक्षसाचा मुकुट खालून जाऊ द्यायचा. रात्रभर मान वर. दुसऱ्या दिवशी ही पोरं मान धरूनच फिरतात. त्यांना बक्षीस नाही, फोटोत ती येत नाहीत. पण एका जरी पोराचं लक्ष हटलं तर अख्ख्या वाड्याची दिवाळी अंधारात.

१९५४मध्ये गॉडझिलाच्या त्या जड रबरी सोंगात हारुओ नाकाजिमा होते. जनावराची चाल पकडायला ते प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं बघत बसायचे. आमच्या नरकासुराच्या आत कोणी नसतं, पण बांबूवाली पोरं नाकाजिमांच्याच जातकुळीतली.

आणि कृष्ण? तो पहाटे येतो. निळा रंग फासलेला, पेंगुळलेला, वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून. पुठ्ठ्याचं सुदर्शन फिरवतो, फोटो काढतात, कोणीतरी मोठा माणूस काडी लावतो. झालं. मग घरी अभ्यंगस्नान, अंगठ्याखाली कारीट, आणि ताटात फोव म्हणजे पोहे : दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. ज्या नायकासाठी एवढा राक्षस उभा केला त्याला करायला अर्ध्या मिनिटाचंसुद्धा काम नाही.

पुराणात मात्र या गोष्टीची पात्रयोजना भरगच्च आहे. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण एकटा जात नाही, गरुडावर सत्यभामा बरोबर असते. प्राग्ज्योतिषपुराभोवती डोंगर, शस्त्रं, पाणी, आग, वारा असे कोट. शंख वाजतो आणि खंदकाच्या पाण्यातून उठतो मूर, पाच तोंडांचा, झोपमोड झालेला. समुद्रातून उठणारं श्वापद पाहायला आम्हाला तोक्योच्या आखातापर्यंत जायचं कारणच नव्हतं. नरकासूर पडल्यावर येते त्याची आई. ती म्हणजे साक्षात पृथ्वी. मुलाने लुबाडलेली अदितीची कुंडलं ती परत करते, आणि नातवाला, भगदत्ताला, कृष्णाच्या पायांवर घालते. मुलगा मेला, आता निदान याला सांभाळा. सगळ्या प्रकरणात बोलण्यासारखं बोलते ती हीच बाई, आणि गोव्यातल्या एकाही मांडवात ती मला कधी दिसलेली नाही. सत्यभामाही क्वचितच.

तो वाचलेला भगदत्त पुढे महाभारतात येतो, म्हातारा होऊन, सुप्रतीक हत्तीवर बसून, कौरवांच्या बाजूने. द्रोणपर्वात तो अर्जुनावर वैष्णवास्त्र सोडतो आणि कृष्ण मध्ये येऊन ते आपल्या छातीवर घेतो. नंतर अर्जुनाला सांगतो, हे अस्त्र माझंच. पृथ्वीने मुलासाठी मागितलं म्हणून दिलं होतं, त्याच्याकडून याच्याकडे आलं. राक्षस मेला, पण त्याला दिलेली वस्तू फिरत फिरत देणाऱ्याच्याच छातीवर आली. सिक्वेल असा लिहितात. नोरिकोच्या मानेवरच्या डागाकडून मला यापेक्षा जास्त काही नको.

'सुपरनोवा'बद्दल मी जरा धास्तावलेलाच आहे. ग्रँट स्पुटोर दिग्दर्शक. कॅटलिन डेव्हर, जॅक ओकॉनेल, डेलरॉय लिंडो, मॅथ्यू मोडीन, सॅम नील अशी भारदस्त मंडळी जमवलीय. पण या मालिकेला माणसं वापरून टाकून द्यायची खोड आहे. २०१४च्या हॉलिवूडच्या 'गॉडझिला'त केन वातानाबे यांच्यासारख्या नटाला मुख्यतः डोळे विस्फारून उभं राहायचं काम दिलं. पाच वर्षांनी त्याच पात्राला काहीतरी करायला मिळालं, तर ते मरणच. २०२१मध्ये त्याचा मुलगा आणला आणि त्याच्याकडे कोणी धड पाहिलंही नाही. काँगची छोटी मैत्रीण जीआ ही एक अपवाद. ती आणि काँग खाणाखुणांच्या भाषेत बोलतात, आणि ती भूमिका करणारी केली हॉटल स्वतः बहिरी आहे, त्यामुळे त्या बोटांत खरेपणा आहे.

नव्या सिनेमात जुना म्हणून परतणारा आहे डॅन स्टीवन्सचा ट्रॅपर. आता बघा, याला का ठेवला असेल? कारण २०२४मध्ये तो आला तोच काँगचा किडलेला दात उपटायला. ढोरांचा डॉक्टर आहे, फक्त त्याची ढोरं डोंगराएवढी. काँगला भूल देतो, यंत्र लावतो, दात ओढून काढतो, नवा बसवतो. अख्ख्या सिनेमात पुन्हा बघावासा वाटणारा माणसाचा प्रसंग तेवढाच. लिंडोंसारख्या नटाला असा एखादा दात काढायला मिळाला तर मी भाच्याबरोबर पहिल्या दिवशी पणजीला येईन, तिकीट माझ्याकडून. नाहीतर ते पडद्यासमोर उभे राहून आकडे वाचतील, आणि आपण त्यांच्या खांद्यावरून काँगकडे बघू.

वाड्यावरच्या पोरांना यंदा नरकासुराला शेपूट लावायचंय, पाठीवर काटे आणि काट्यांत निळे बल्ब. ज्येष्ठ मंडळी भडकलीत. नरकासुराला शेपूट कुठल्या पुराणात आहे, असा त्यांचा सवाल. माझं मत विचारलं तेव्हा म्हटलं, शेपटाला माझी हरकत नाही, पण सत्यभामा पाहिजे. दहावीतली एक मुलगी लगेच तयार झाली, अट एकच : काडी ती लावणार, फोटोपुरतं उभं राहणार नाही. कृष्णाच्या वडिलांनी नाक मुरडलं. त्यांचं म्हणणं, मग आमच्या बाब्याने करायचं काय? मामा म्हणाले, त्याला बांबू द्या, तारा उचलायला माणूस कमीच आहे. यावर बरीच आरडाओरड झाली आणि बैठक पुढच्या रविवारवर ढकलली. वेल्डरला मात्र शेपटाची लांबी शुक्रवारपर्यंत हवीय. त्याच्याकडे अजून दोन वाड्यांची ऑर्डर आहे.